गड्डा न धरणारी कोबी

दुसरा घास तोंडात असतानाच मी विचारले, "भाजी कशाची आहे?"

"वळखा," माझी पत्नी सखू चुलीकडे तोंड करूनच म्हणाली. "वळखली तं खरे."

"पालक?"

"पालकाचा देठ असा पांढरा असते का जी? जिंदगी गेली तुमची बगिच्यात माती उकरू उकरू!"

माझी मुलगी नलू दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसली होती. तिला आठवा महिना लागला होता. पहिल्या बाळंतपणासाठी तिला तळेगावहून आणून पंधराच दिवस झाले होते. तोंडाला पदर लावून ती हसत होती.

"सांगून टाक ना वं माय. बाबाचा जीव कायले टांगून ठेवते?"

"तुमचीच कोबी होय," सखू म्हणाली. "थे जपानची. गड्डा धरते, गड्डा धरते म्हणून दोन महिने रस्ता पाह्यला. आज नलूले हिरवं खावंसं वाटलं. म्हटलं, गड्डा गेला चुलीत, पानं तं आहेत! तोडली आन् केली. पोरीनं दोन डाव घेतली."

घास माझ्या घशाशी येऊन थांबला. तो खाली जाईना आणि थुंकून टाकण्याचे धैर्यही होईना.

त्या पानांवर शनिवारी संध्याकाळी मी माझ्या हाताने कपाशीवर मारतात ते एन्ड्रीन, अळीचे विष, शिंपडले होते. आज सोमवार होता. ही गोष्ट त्या घरात, किंबहुना साऱ्या पृथ्वीतलावर, माझ्यावाचून कोणालाही ठाऊक नव्हती.

ही हकीकत १९७९ सालच्या जानेवारीतील आहे. त्या काळी मी वर्ध्याच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्याचे काम करीत असे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि सातवीतच थांबले. परंतु लग्नपत्रिका, भजनांची पुस्तके आणि एका वकिलांचे आत्मचरित्र माझ्या बोटांतून अक्षर अक्षर करून गेल्यामुळे शब्दांशी माझा परिचय बरा होता. राहणे बोरगाव मेघेला. घरामागे दहा हात रुंद आणि पंधरा हात लांब जागा होती. तिच्यात मी वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, टमाटर असे जे येईल ते लावीत असे. दिवसभर शिशाच्या खिळ्यांवर नजर लावणाऱ्या मनुष्याला संध्याकाळी हिरवा रंग पाहण्याची गरज असते, असे माझे मत होते.

दिवाळीच्या आधी वर्ध्याजवळच्या आश्रमात आलेले एक वृद्ध जपानी गृहस्थ प्रार्थनेची पत्रके छापून घेण्यासाठी आमच्याकडे आले. माझे काम त्यांना आवडले असावे. जाताना त्यांनी दोन्ही हातांनी मला बियांचे एक पाकीट दिले आणि लवून नमस्कार केला. बरोबरच्या दुभाष्याने एवढेच सांगितले, "ही त्यांच्याकडची कोबी आहे." पाकिटावर बारीक अक्षरांच्या सात-आठ ओळी होत्या. अक्षरांवर पोट भरणाऱ्या मला त्यांतले एकही अक्षर लागले नाही. 'कोबी' हा एक शब्द मात्र लागला आणि त्या शब्दानेच माझा घात केला.

कोबी म्हटली की तिने गड्डा धरलाच पाहिजे, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. वरची पाने सोलून गाईला टाकावयाची आणि आतला पांढरा गड्डा चिरावयाचा. माझी रोपे जोमाने वाढली. रुंद, तकतकीत पाने, पांढरे जाड देठ. परंतु पाने उघडीच राहिली, एकमेकांना मिटेनात. छापखान्याचे मालक मनोहरराव मला रोज विचारीत, "काय रूपराव, गड्डा धरला का?" मी रोज उत्तर देई, "धरीन जी. परदेशी जात आहे, वेळ लागते."

आणि पौषात काळ्या अळ्या पडल्या. सकाळी पाहावे तो पानाची चाळणी झालेली. मी राख टाकली, तंबाखूचे पाणी टाकले. अळ्या हटल्या नाहीत. तेव्हा माझा चुलतभाऊ भैय्याजी याच्या शेतावर जाऊन मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या शिशीत बोटभर एन्ड्रीन मागून आणले. कोबीवर औषध मारण्यात मला काहीच वावगे दिसले नाही. गड्डा धरावयास अजून महिना आहे, वरची पाने तर फेकूनच द्यावयाची आहेत, तोपर्यंत औषध उडून जाईल, असा माझा हिशेब होता. गड्ड्याच्या कोबीला तो हिशेब कदाचित लागू पडलाही असता. पण ही जात गड्डा धरणारी नव्हतीच. तिची पानेच खावयाची असतात, आणि जे मी वरचे म्हणून सोडून दिले होते तेच तिचे सर्वस्व होते, हे मला फार उशिरा कळले.

आता मी त्याच क्षणी तोंड का उघडले नाही, हे सांगणे मला प्राप्त आहे.

दोन वर्षांपूर्वी भैय्याजीच्या शेतात फवारा मारणारी एक बाई दुपारी बांधावर कोसळली होती. तिला बाजेवर घालून नेताना तिचे हातपाय कसे उडत होते आणि दातखीळ कशी बसली होती, हे सखूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी घरी येऊन तिने माझा उजवा हात धरला आणि नलूच्या डोक्यावर ठेवला. नलू तेव्हा लग्नाची व्हायची होती. "म्हणा," सखू म्हणाली, "त्या दवाईचा थेंब या घरात येणार नाई." मी म्हणालो. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर ती त्या लेकरालाच बाधते, असे आमच्याकडे मानतात. मी स्वतःला वाचलेला मनुष्य समजत होतो, अशा गोष्टी मानीत नाही असे चारचौघांत म्हणतही होतो. परंतु शनिवारी सखू आणि नलू हळदीकुंकवाला गेल्या असताना मी जेव्हा जुन्या केरसुणीने ते पांढरे पाणी पानांवर शिंपडले, तेव्हा एकदा मागे वळून दाराकडे पाहिले होते. ज्याला भीती नाही तो मागे वळून पाहत नाही.

आणि आता ती दारात बसून हसत होती.

मी घास गिळला. कढईत भाजी उरलेली दिसत होती आणि सखूचे जेवण व्हायचे होते. मी ताट पुढे केले.

"वाढ अजून."

"आवडली?"

"लय छान झाली. सगळी वाढ."

"सगळी? आन् माह्यासाठी?"

"तू चटणी घे आज."

"माय वं!" सखू नलूकडे वळून म्हणाली. "पाह्यलं का तुह्या बापाले? दोन महिने पान तोडू देत नव्हता. आता मले घासभर ठेवत नाई!"

"तोंड पाह्य बाबाचं," नलू म्हणाली, "कसं कडू औषध घेतल्यावानी खाऊन राह्यला, आन् म्हणते छान झाली."

मी खाली मान घालून खात राहिलो. कढई पुसून घेतली. माझ्या मनात कोणता विचार होता तो आज नीट मांडता येत नाही. सखूच्या तोंडात ती भाजी जाऊ नये, एवढे निश्चित होते. बोलावे न लागता ते व्हावे, हेही तितकेच निश्चित होते. मला स्वतःलाच काही झाले तर बोलण्याची वेळच येणार नाही, असेही क्षणभर वाटले असावे. मात्र दोन वाक्ये उच्चारण्यापेक्षा कढईभर विष खाणे मला सोपे गेले, हे सत्य आहे.

"धुतली होती ना चांगली?" हात धुताना मी विचारले.

"न धुता शिजवते का कोणी? दोन पाण्यानं धुतली. आन् वाटीभर पंचफुलेले बी देऊन आली. तिच्या बकरीले पिकली पानं टाकली."

पंचफुला ही आमची शेजारीण. विधवा, एकटी, जिभेने तिखट. तिच्या दाराशी एक पांढरी बकरी बांधलेली असे. मी सायकल काढली, आणि छापखान्याकडे वळण्याऐवजी तिच्या अंगणात शिरलो. बकरी उभी राहून रवंथ करीत होती. हिरव्या पानांचे तुकडे तिच्या पायांशी पडले होते.

"पंचफुलाबाई, सखूनं भाजी देली ना? खाल्ली का?"

"नाई अजून. सोमवार आहे ना भाऊजी. उपास सोडतानी खाईन." तिने फळीवर झाकून ठेवलेली वाटी दाखवली. "काऊन?"

"थे... वापस पाह्यजे होती."

"वाटी?"

"भाजी."

पंचफुलेने कमरेवर हात ठेवले. "देलेली भाजी वापस मांगाले आले? साठ वर्सात असं नाई आयकलं बाप्पा! घरात काही खायले नाई का? मी येते सखूकडे, इचारतेच तिले."

"नोको, नोको. पाहू द्या फक्त, मीठ जास्त पडलं म्हणते सखू."

मी वाटी हातात घेतली, झाकण उचलले, आणि वाटी हातातून सोडली. भाजी शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरली. मी ती पायाने मातीत कालवली. अन्नाला पाय लावण्याचा तो माझ्या आयुष्यातील पहिला प्रसंग होता. पंचफुला मोठमोठ्याने बोलू लागली. मला त्यातले एक अक्षरही ऐकू आले नाही. मी सायकलवर बसलो आणि निघालो. एक संकट टळले, असे मी स्वतःला सांगत होतो. ज्या संकटापासून मी पळत होतो ते माझ्या घराच्या दारात पाठ टेकून बसले होते, त्याचे काय?

छापखान्यात माझ्यापुढे तेरवीच्या पत्रिकेचा मजकूर पडला होता. ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ वारले होते. मी खिळे उचलू लागलो. आमच्या कामात हात आपोआप चालतो. खिळ्यांच्या पेटीत कोणत्या घरात कोणते अक्षर आहे हे डोळ्यांना पाहावे लागत नाही. त्या दुपारी मात्र प्रत्येक घरापाशी बोट अडखळत होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे मी किती वेळा पाहिले असेल कोण जाणे. भैय्याजीच्या शेतातल्या त्या बाईला किती वेळाने झाले होते? तासाने? दोन तासांनी? ती तर वाऱ्याने अंगावर उडालेल्या औषधाने पडली. येथे पाने धुतली होती, शिजवली होती. शिजल्यावर विष मरत असेल. मरत असलेच पाहिजे. तथापि कढईतल्या पाण्यातच ते उतरले असेल, आणि ते पाणी भाजीतच आटले असेल, तर? आणि पोटातल्या त्या जीवाला, ज्याला अद्याप दातही नाहीत, ओठही उघडता येत नाहीत, त्याला कितीसे पुरणार?

छापून काढलेला पहिला कागद मनोहररावांनी हातात घेतला आणि ते खदखदून हसले.

"रूपराव! हे काय करून ठेवलं? म्हाताऱ्याच्या नावापुढं 'कै.' लावाचं सोडून 'चि.' लावलं तुम्ही! चिरंजीव! जित्ता करता का काय मेलेल्या माणसाले?"

बाकीची माणसेही हसली. मी हसण्याचा प्रयत्न केला.

"ध्यान कुठं आहे? नलू बाळंत-बिळंत झाली का काय? आन् हो, त्या कोबीनं गड्डा धरला का नाई?"

"नाई जी," मी म्हणालो. "थे धरतच नाई."

मी 'चि.' काढून 'कै.' बसवावयास गेलो. 'क'च्या घरात बोटे घातली आणि खिळा हातातून पडला. दुसरा उचलला, तोही पडला. मी हाताकडे पाहिले. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आपोआप उडत होते. मी ते दुसऱ्या हाताने घट्ट धरले. मुठीच्या आत ते उडतच राहिले. ओठांना मुंग्या येत होत्या आणि त्या मघापासूनच येत होत्या, हे मला तेव्हा कळले.

शिजवल्याने विष मेले नव्हते.

मी कोणालाही न सांगता बाहेर पडलो. त्या दिवशी वर्धा ते बोरगाव हा रोजचा रस्ता मला ओळखू येत नव्हता. डोके जड झाले होते, सायकलचे चाक आपल्या मनाने वळत होते. मी पुन्हा पुन्हा एकच वाक्य जुळवीत होतो, मोडत होतो आणि जुळवीत होतो. सखू, एक सांगाचं होतं. सखू, माह्याकडून चूक झाली. सखू, तू घाबरू नको.

पंचफुलेच्या अंगणात माणसे जमली होती. बकरी आडवी पडली होती. तिचे चारही पाय पळत असल्यासारखे हवेत हलत होते, आणि तोंडाशी फेस आला होता.

"काय चारलं वं माह्या बकरीले?" पंचफुला सखूला विचारीत होती. तिचा आवाज फाटला होता. "सकाळपासून तुह्या पाल्याबिगर काही नाई खाल्लं तिनं!"

"मी काय चारीन वं? कोबीची पिकली पानं होती. तीच भाजी आमी खाल्ली. नलूनं खाल्ली, हायनं खाल्ली..."

"नलू कुठं आहे?" मी विचारले.

"घरात निजली आहे. उलटी झाली तिले मघाशी. म्हणते चक्कर येऊन राह्यली. आठव्यात होते असं."

मी सायकल सोडली. ती मागे पडल्याचा आवाज झाला. जुळवलेले एकही वाक्य मला आठवले नाही.

"कोबीवर औषध मारलं होतं म्या," मी म्हणालो. "कपाशीचं."

सखूने माझ्याकडे पाहिले. ती ओरडेल, छाती बडवून घेईल, मला मारील, असे मला वाटले होते. त्या सर्वांची मी तयारी केली होती. तिने फक्त विचारले, "कधी?"

"शनिवारी."

"जेवतानी मालूम होतं तुमाले."

हा प्रश्न नव्हता. ती वळली सुद्धा. "पंचफुले, हरिदासले म्हण रिक्षा काढ. धाव!" आणि मला, "शिशी कुठं आहे? घ्या सोबत. डाक्तर इचारीन काय पेलं म्हणून."

शिशी मी न्हाणीच्या मागे विटांखाली दडवली होती. धावत परत आलेल्या पंचफुलेने आणि सखूने नलूला उठवून आणले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. पोटावर दोन्ही हात ठेवून ती चालत होती. "काय झालं बाबा?" तिने मला विचारले. "माय काऊन सांगत नाई?"

मी म्हणालो, "काही नाई, बेटा."

शेजारच्या हरिदासने सायकलरिक्षा जमेल तितकी पळवली. सखूने नलूला कवेत धरले होते. मी पायांशी बसलो होतो, शिशी खिशात, खिसा मुठीत. वाटेत नलूचा डावा पाय एकदा झटका बसल्यासारखा उडाला. तिने घाबरून माझ्याकडे पाहिले. आयुष्यात मी पुष्कळ भ्यालो आहे, परंतु त्या उडालेल्या पायाएवढे भय मला कशाचेच वाटले नाही. त्या क्षणी मला शपथ आठवली, आणि मी रिक्षात बसल्या बसल्या हात जोडून ती परत मागून घेऊ लागलो. कोणाकडून, ते मला माहीत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शिशी उजेडात धरली. तिच्यावर मीच चिकटवलेली चिठ्ठी होती. कपाशीचे औषध. विष. हे शब्द मी तांबड्या शाईने, छापल्यासारख्या अक्षरात लिहिले होते.

"किती खाल्ले? कोणी कोणी?"

"पोरीनं दोन डाव," सखू म्हणाली. "हायनं कढई खाल्ली सगळी."

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिले. त्यांना काही विचारावयाचे होते. परंतु तेवढ्यात माझी मान एका बाजूला ओढली गेली, जमीन वर आली, आणि शेतातल्या त्या बाईला बाजेवरून नेताना तिचे हातपाय कसे उडत होते ते मला आतून समजले.

मी शुद्धीवर आलो तेव्हा दुसऱ्या दिवसाचे ऊन खिडकीतून खाटेवर आले होते. घशात नळी घातल्याने तो सोलला गेला होता. जीभ दाताखाली सापडली होती. सखू खाटेशेजारी जमिनीवर बसली होती, गुडघ्यांना हात बांधून. मी डोळे उघडलेले पाहून ती उठली नाही.

"नलू?" मी विचारले.

"बायायच्या वार्डात आहे. झटके थांबले. बाईनं नळी लावून पोट आयकलं, ठोके लागतात म्हणते. सकाळी पोटात हाललं."

"बकरी?"

"मेली."

मी पुढे काहीतरी बोलणार होतो. काय, ते मला ठाऊक नाही. पण बोलणार होतो. त्याच वेळी पोलिसाच्या बुटांचा आवाज झाला. विषाची बाब असल्याने दवाखान्याने चौकीला कळवले होते. हवालदार वयस्क होते. त्यांनी स्टूल ओढले, मांडीवर कागद घेतले आणि खिशातून ती शिशी काढून खाटेच्या लोखंडावर ठेवली.

"नाव?"

"रूपराव उमाटे."

"काम?"

"छापखान्यात. खिळे जुळवतो."

"म्हंजे लिहितं-वाचतं माणूस तुम्ही. मंग हे कसं झालं? ही चिठ्ठी कोणाची? एवढ्या मोठ्या अक्षरात विष लिहिलं आहे. हे वाचूनशान्या कोणी भाजीवर टाकते? आन् टाकून पोरीले खाऊ घालते? गर्भार पोरीले? जावई काय म्हणीन? मले तं यात वेगळंच दिसते."

 वेगळे म्हणजे काय, ते मला कळले. ज्याला वाचता येते त्याने हे केले असेल तर ती चूक कोण म्हणेल? मी तोंड उघडले. 

"साहेब," खालून सखू म्हणाली, "त्यायले काय इचारता? म्या टाकली दवाई."

हवालदारांनी मान वळवली.

"अळ्या पडल्या होत्या. हायनं शिशी आणून उंच ठेवली होती, हात लावू नको म्हणून लिवून बी ठेवलं होतं. पर मले कुठं वाचता येते? मले वाटलं, शिंपडाचंच पाणी असंन. शनिवारी शिंपडलं, सोमवारी भाजी केली. माह्या हातानं."

"तुले अक्कल नाई का? औषधाचा वास नाई आला?"

"आला ना जी. वाटलं, दवाईले वास येतेच."

"अडाणी बाया!" हवालदार मोठ्याने म्हणाले, एवढ्या मोठ्याने की शेजारच्या चार खाटांवरची माणसे उठून बसली. "पोरीले मारलं असतं, नातवाले मारलं असतं. नवऱ्याले मारलं असतं! चूल फुंकणं येते, आन् चालल्या शेतकी कराले. जेलात टाकलं पाह्यजे अशा बायायले."

"हो जी," सखू म्हणाली.

पलीकडच्या खाटेवरचा एक म्हातारा हसला. कोणीतरी म्हणाले, बाईची जात. सखूने पदर डोक्यावर पुढे ओढला आणि जमिनीकडे पाहत राहिली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. तिने पाहिले असते तर मी बोललो असतो, असे मी पुढे अनेक वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे आहे किंवा नाही, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

हवालदार लिहू लागले. चुकीने, अज्ञानाने, कोणताही वाईट हेतू नसताना. ते प्रत्येक शब्द लिहिताना उच्चारीत होते. शेवटी त्यांनी पेन थांबवले आणि माझ्याकडे पाहिले.

"हिनं शिंपडलं हे तुम्हाले मालूम होतं काय? भाजी खाच्या आधी?"



"नाई जी," मी म्हणालो.

त्यांनी तेही लिहिले. मग शाईची डबी उघडून सखूचा डावा अंगठा धरला, तिच्यात दाबला आणि कागदाच्या खाली उमटवला. "अंगठ्याच्या बाजूनं नाव लिहा हिचं," ते मला म्हणाले. "तुम्हाले येते लिहिता."

मी कोपरावर उठलो.  तोपर्यंतच्या आयुष्यात माझ्या बोटांतून हजारो नावे गेली होती. माझ्या पत्नीचे नाव मी कधी लिहिले नव्हते, लिहिण्याचे काही कारणच पडले नव्हते. ओल्या अंगठ्याच्या एका बाजूला मी लिहिले, सौ. सखूबाई रूपराव उमाटे. दुसऱ्या बाजूला लिहिले, निशाणी डावा अंगठा. हवालदारांनी कागदावर फुंकर घातली, शिशी खिशात टाकली, आणि ते गेले.

सखूने अंगठ्याची शाई केसांना पुसली. नलूला पेज पाजण्याची वेळ झाली होती. कोपऱ्यातला पेजेचा गंज उचलून ती बायकांच्या वॉर्डाकडे निघून गेली.